सतरा आणि त्रेचाळीस

मकरपुरा जीआयडीसीत, भंगाराच्या काट्यापलीकडे,
रमणिकभाई पंचालांच्या शेडमध्ये
दाते कापायचं मशिन चालू असलं
की बोलायचं ते बोटांनी.
मी दाखवली दहा.
माझ्या मागून हेरंबनं सात,
आणि आठवं अर्धं वाकवून.
रमणिकभाईंनी मशिन बंद केलं,
चिंध्यांना हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला.
"झडप जोइए के जोर?"

हाच तर वाद, तीन आठवड्यांचा.
मोटर मिनिटाला सत्तावन्नशे फेरे घेते,
मोकळी असली तर.
मोकळं असताना काय, कुणीही घेईल.
चाक सहा इंची. साखळीचं मोठं चक्र
छत्तीस दात्यांचं लावलं तर सेकंदाला सहा मीटर,
अठ्ठेचाळीसचं लावलं तर साडेचार.
हेरंब शिर्के सहाच्या आकड्याभोवती
गोल काढत राहतो, कागद फाटेपर्यंत.
मैदान चौदा मीटरचं आहे, मी म्हणते,
तुझे सहा जिथे भेटतील
तिथे भिंत असेल.

वहीत न लिहिलेलं एक :
लालबागचा पूल, बाबांची स्कूटर,
मागे आई, तिच्या मांडीवर शिलाई मशिनचं डोकं,
पुढे उभी मी, हँडलला धरून.
बाबा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर,
दुसऱ्यावरून पहिल्यावर येतात,
बाजूनं गाड्या सुळकन जातात,
इंजिन रडतं. बाबा म्हणतात, रडू दे,
बंद तर पडत नाही ना.
पण हा काही पुरावा नव्हे.
हेरंबला पुरावा लागतो.

म्हणून वर्कशॉपमागच्या व्हरांड्यात
उर्वीनं लोखंडी कपाट आडवं टाकलं,
आत मागच्या वर्षीचा मेलेला रोबो भरून.
छत्तीस लावून ढकललं :
चार सेकंद. मग टक्.
ब्रेकर पडला, दिवे गेले,
आमचा चव्वेचाळीस किलोंचा पैलवान
कपाटाला कपाळ टेकून उभा.
अठ्ठेचाळीस लावून ढकललं :
चाकं जागच्या जागी घसरली, फरशीवर काळे पट्टे,
रबराचा वास, पण दिवे जळत राहिले.
घसरणं परवडतं. विझणं नाही.
मोकळ्या धावेत मात्र तो उशिरा पोचला.
हेरंबनं घड्याळ माझ्यापुढे धरलं, बोलला नाही.
ते अर्धं सेकंद अजून माझ्याकडेच आहे.

पहिल्या जोडीला मी सोळा आणि चाळीस मागितले होते,
हिशेबाला सोपे.
रमणिकभाईंनी मान हलवली.
सोळा-चाळीसमध्ये, म्हणाले, एका दात्याच्या नशिबी
तेच ते पाच. जन्मभर.
एकाला खोड असली तर तो त्याच पाचांना खातो.
सतरा घे. समोर त्रेचाळीस.
मग प्रत्येकाला प्रत्येक जण भेटतो,
खोड सगळ्यांत वाटली जाते,
झिजतात सारखे.
त्यांच्या गुजरातीचं मी मनात मराठी करत होते
तोवर त्यांनी मशिन पुन्हा सुरू केलं होतं.

आता रात्रीचे अडीच.
उद्या सकाळी आठला पहिली लढत, सुरतवाल्यांशी.
त्यांचा रोबो बुटका आहे, रुंद आहे,
आणि म्हणे फार पळतो.
हेरंब बॅटरीच्या खोक्यावर डोकं ठेवून झोपलाय,
खिशात छत्तीसचं चक्र,
अजूनही, "वेळ आली तर".
उर्वीच्या नेलपॉलिशनं मी
एक लहान दाता लाल केलाय,
त्याच्या समोरचा मोठाही लाल,
आणि वंगणानं भरलेल्या बोटांनी
लहान गिअर फिरवतेय, एकेक फेरा,
मोठा मागून सावकाश येतो, भेट काही होत नाही.
कुणी विचारलं तर सांगता येणार नाही
हे कशासाठी. दाते बरोबर कापलेत
हे मला माहीत आहे.
एकोणचाळीस.
चाळीस.
बाहेर फतेगंजकडून एक रिक्षा पहिल्यावर टाकून जाते.
एक्केचाळीस.
बेचाळीस, जरा थांब.